बूथमधला पहिला फोन

परवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तापलेल्या सोल्डरचा वास आला आणि भिवंडीत कामतघरला असलेलं आमचं पीसीओ बूथ आठवलं.

पॉवरलूममध्ये यांचा उजवा हात गेला, म्हणून यांनी अपंगांच्या कोट्यातून बूथसाठी अर्ज केला होता. सोल्डर लावून लाइन जोडून झाल्यावर लाइनमन म्हणाला, "काका, कुणाला तरी लावून बघा." आमच्या ओळखीत कुणाकडेच फोन नव्हता.

यांच्याबरोबर लूमवर असलेले सलीमभाई पेढे खायला आले होते. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. त्यांच्या गावच्या दुकानाचा नंबर होता. यांनी डाव्या हाताने तो लावून दिला.

"लडकी हुई? कब?" एवढंच बोलून सलीमभाई हुंदके देऊन रडू लागले.

यांनी मला बाहेर घेतलं आणि काचेचं दार ओढून घेतलं. मी चिडले. "पहिल्याच फोनला रडणं? आज तरी नको होतं."

"र्‍हाऊ दे त्याला," हे हळूच म्हणाले. "खोलीत धा जनं र्‍हातात त्याच्या."

तेव्हा मी तोंड फिरवून पेढ्यांचा पुडा बांधत बसले. आता कळतं, सलीमभाईंना भिवंडीत एकट्याने रडायला तेवढीच जागा मिळाली होती.