जाऊबाईंची गोळी आणि माझा काळ्या द्राक्षांचा रस

आता हे सांगितलं की तुम्ही मला शिकलेली म्हणणार नाही, पण सांगतेच.

सासूबाईंना मधुमेह. त्यापायी पायांच्या नसा बिघडलेल्या. तळव्यांची आग, सतत मुंग्या. माझं बाळ लहान, म्हणून सातपूरच्या मोठ्या जाऊबाई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. साखरेच्या औषधांसोबत एक नवी गोळी मिळाली. अँटिऑक्सिडंट म्हणे, नसांना जपणारी. काहींना आराम पडतो, म्हणाले डॉक्टर.

आईंना पडला! मग काय, दारात येईल त्याला एकच कौतुक: "मोठीमुळे पाय शांत झाले गं!"

आणि त्यांचे पाय रोज रात्री चेपणारी मी कोण?

बाळाला पाजता पाजता मोबाइलवर वाचलं, काळ्या द्राक्षांच्या सालीत अँटिऑक्सिडंट भरपूर. वा! पिंपळगाव बसवंत माझं माहेर. द्राक्षांची पेटी लगेच हजर. सालीसकट रस काढून रोज पेला भरून द्यायला लागले. वरून साखर नाही हो घातली, एवढी अक्कल आहे मला. रोज पेल्याचा फोटो मात्र जाऊबाईंना न चुकता पाठवायचा. त्या गावाला गेलेल्या, त्यांचं उत्तर नाही. जळली असणार, दुसरं काय?

"आई, पायांना बरं वाटतंय ना?"

"पायांचं बघू नंतर. तू पेला भर."

पुढच्या तपासणीला आम्ही तिघी गेलो. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी चष्माच काढला. साखर कुठल्या कुठे चढलेली. खाण्यात काय बदललं, त्यांनी विचारलं. आई छताकडे बघायला लागल्या. मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागले.

"द्राक्षांचा रस," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. "मीच द्यायला सांगितला होता. चुकलं माझं."

डॉक्टर त्यांनाच बोलले. द्राक्षात अँटिऑक्सिडंट असतं तशी साखरही असते, आणि ती चढली की त्याच नसा आणखी बिघडतात. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या.

रिक्षात आईंनी त्यांचा हात हातात घेतला. "दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायला मन लागतं. आहे कुणाकडे असं?"

लाज वाटायला हवी होती मला. पण छे! रस मी काढला, साखर मी चढवली, आणि कौतुक पुन्हा मोठीचं?

"पण आई," मी जवळजवळ भांडतच म्हणाले, "ती चूक माझी होती!"