ठुशी आणि आईचा गळा

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. हे सांगताना मी कधी लाजले नाही आणि आताही लाजत नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री केलं आणि नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागले. तेव्हापासून पुणतांब्याच्या आमच्या गल्लीत कुणाला साप चावला, कुणाला खताच्या गोणीची शंका आली, की पहिला फोन मला. त्या चैत्रात मात्र फोन आला तो खुद्द वडिलांचा. फोनवर ते फार बोलत नाहीत. म्हणाले, "शनिवारी ये. तुजी आई आन् काकू येगळी चूल करायची म्हनत्यात."

आई थोरली जाऊ, काकू धाकटी. काकू लग्न होऊन आली तेव्हापासून दोघी एकाच स्वयंपाकघरात. एकीनं पीठ मळायचं, दुसरीनं भाकरी थापायची, आणि मधल्या वेळात सगळ्या गावाची उणीदुणी काढायची. त्या वेगळ्या होणार म्हणजे माझ्या लेखी अर्धं माहेर जाणार होतं. कारण काय, तर म्हणे ठुशी.

ठुशी आईची, तिच्या माहेरची. सोन्याच्या बारीक मण्यांचा, गळ्याला घट्ट बसणारा दागिना. एरवी ठुशीला मागं दोरी असते, ती सैल-घट्ट करता येते. आईनं मात्र हौसेनं सोनाराकडून हूक आणि कडी बसवून घेतलेली. आदल्या वर्षी काकूनं ती भाचीच्या लग्नाला नेली, परत आणून दिली, आईनं डब्यात ठेवली. यंदा जत्रेला घालायला काढली तर हूक कडीपर्यंत पोचेना. बोटभर अंतर राहिलं. आईनं हिशेब लावला, की काकूनं मणी काढून घेतले आणि ठुशी पुन्हा ओवून आणली. हे ती काकूच्या तोंडावर बोलली असती तर भांडण तिथंच मिटलं असतं. ती बोलली शेजारणीजवळ, नळावर. संध्याकाळच्या आत काकूला ते तिखटमीठ लावून पोचलं.

काकूही आधीच तापलेली होती. काही महिन्यांपासून आई कामात मागं पडली होती. भाकरी थापताना मध्येच हात थांबायचा. निवडायला घेतलेले गहू सुपात तसेच आणि आई भिंतीला टेकून झोपलेली. काकूनं त्याचा अर्थ काढला, की आक्कांनी अंग काढून घेतलंय. एकीच्या मते दुसरी चोर, दुसरीच्या मते पहिली कामचुकार. पडवीत नवा ओटा बांधायला गवंडीसुद्धा सांगून ठेवलेला.

शनिवारी गाडीतून उतरले आणि घरी गेले. बाहेर ऊन असं, की कुत्रीसुद्धा सावलीला पडलेली, आणि आई आत स्वेटर घालून बसलेली. तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा जाड लागला. चेहरा सुजल्यासारखा दिसला. गेल्या दिवाळीला मी हे कसं पाहिलं नाही, असं मनात आलं. पण रोज पाहणाऱ्यांनाही दिसलं नव्हतं, इतकं ते हळूहळू झालेलं.

लॅबमध्ये माप चुकलं तर आम्ही आधी मापाची पट्टी तपासतो. मी आईला म्हटलं, ठुशी आण. स्वतःच्या गळ्यात घातली. हूक बसला, वर थोडी ढिली. काकूला हाक मारली. ती आतूनच म्हणाली, की ज्या दागिन्यापायी चोर ठरले त्याला शिवायची नाही. तिचे हात पिठात होते, तेवढ्यात मीच मागून जाऊन तिच्या गळ्यात अडकवली. तिलाही बसली. मग वडील. अंगानं काटकुळा माणूस. नको नको म्हणत खाली वाकले. हूक बसला, श्वास मात्र कोंडला. नेमका तेवढ्यात दूध घालणारा दारात आला आणि ठुशी घातलेल्या वडिलांकडे बघत, दुधाचं माप हातात धरून, तसाच उभा राहिला. वडील त्याला म्हणाले, "बघतो काय, पोरीचं शिक्षन चाललंय."

राहिली आई. तिला बसेना. बोटभर कमी ते कमीच.

मी आईला खिडकीच्या उजेडात बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला आणि हनुवटी थोडी वर करून घोट घ्यायला सांगितलं. घोट गिळताना तिच्या गळ्याच्या खालच्या भागात एक रुंद फुगवटा वर सरकला आणि खाली आला. दुसरा घोट, पुन्हा तसंच. काकू पिठाच्या हातांनीच पुढं आली. "आक्का, गळ्याला काय झालंय तुमच्या?" म्हणाली. मग आपण रागावलोय हे तिला आठवलं आणि ती आत निघून गेली.

सोमवारी मी रजा टाकली आणि आईला घेऊन श्रीरामपूरला गेले. वाटेत आई एकच प्रश्न विचारत राहिली, तो म्हणजे कॅन्सर आहे का. डॉक्टरबाईंनी गळा चाचपला, नाडी मोजली, रक्त घ्यायला लावलं, गळ्याची सोनोग्राफी केली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला पुन्हा गेलो तेव्हा सांगितलं, की तसलं काही नाही. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिच्यातून जो रस रक्तात मिसळतो, त्यावर सगळ्या शरीराची चाल ठरते. पोट, हृदय, झोप, अंगातली ऊब, सगळी. आईची ग्रंथी मंदावली होती. म्हणून थंडी, म्हणून झोप, म्हणून तोंडावरची सूज, कोरडी कातडी आणि बद्धकोष्ठ. शरीराची राखण करणारी यंत्रणाच या ग्रंथीला परकी समजून तिच्यावर तुटून पडते, त्यात ती सुजते आणि दमते. बायकांमध्ये हे जास्त, आणि रक्ताच्या नात्यात उतरू शकतं. असं म्हणून बाईंनी माझ्याकडे बघितलं. मीही रक्त देऊन टाकलं. माझं तेव्हा नॉर्मल आलं.

आईचं रिपोर्टवर मात्र भांडण होतं. टीएसएच वाढलाय असं लिहिलंय, मग ग्रंथी कमी चालते कशी? हा प्रश्न चांगला होता. आमच्या लॅबमधल्या दोन पदवीधरांनाही तो पडलेला मी नंतर पाहिला. परतताना बसमध्ये मी तिला समजावलं. टीएसएच हा थायरॉईडचा रस नव्हे, ती मेंदूकडून थायरॉईडला मारलेली हाक आहे. शाळेच्या दिवशी तू मला उठवायचीस, मी उठायचे नाही, तसा तुझा आवाज वाढत जायचा. शेजारच्यांना कळायचं, पोरगी अजून लोळतेय. इथंही तसंच, हाक वाढली म्हणजे ग्रंथी लोळतेय. आई हसली. मग म्हणाली, "म्हंजी तुज्या काकूनं काय न्हाई केलं."

घरी पोचलो तेव्हा काकू एकटीच भाकऱ्या थापत होती. आई चपला काढून सरळ आत गेली आणि चुलीजवळ बसली. मी दारातच थांबले.

"गळा सुजलाय माजा," आई म्हणाली. "ठुशी हाय तशीच हाय."

"घरात आरसा न्हाई का?" काकू तव्यावरून नजर न काढता म्हणाली.

"आरशात कुंकू बघते मी. गळा कोन बघतंय?"

"नळावरच्या बाईला ईचारायचं. तिला समदं ठावं असतंय."

आईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "तिला उद्या मीच सांगन. चुकलं माजं म्हनून, नळावरच सांगन."

काकूनं भाकरी उलटली. मीही तुम्हाला काम नको झालंय म्हणत होते, असं काहीतरी ती तव्याकडे बघतच पुटपुटली. मग औषधाचं विचारलं. आईनं सांगितलं, की रोज सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर एक गोळी. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं. आणि हे बहुतेक जन्मभर.

आमच्या घरात डोळे उघडायच्या आधी चहा लागतो. काकू पहिल्यांदा वळून आईकडे बघत राहिली. "तुमी? चहाबिगर अर्धा तास? आन् तुमच्यावर ध्यान कोन ठेवनार, येगळ्या चुलीवरनं?"

ओट्याचा विषय तिथंच संपला. गवंडी आला तेव्हा काकूनं त्याच्याकडून कपडे धुवायचा कट्टा नीट करून घेतला.

महिनाभरात आईचा स्वेटर ट्रंकेत गेला. गल्लीत बातमी फिरली, की ती गोळी घेतली की तरतरी येते आणि बारीक व्हायला होतं. एक शेजारीण दोन गोळ्या मागायला आली. आई द्यायलाही निघालेली. देण्याच्या बाबतीत तिचा हात सैल. त्या दिवशी मी घरी होते म्हणून बरं. शेजारणीला म्हटलं, तुझी ग्रंथी मंद आहे का पळतेय हे कुणाला माहीत? काहींची नको तेवढी पळते. माणूस खातं भरपूर आणि वाळत जातं, छाती धडधडते, हात कापतात, घाम थांबत नाही. त्यांना ही गोळी म्हणजे उधळलेल्या बैलाला आणखी टोचणं. आधी रक्त तपास. तिला राग आला, पण तपासायला गेली.

दोन महिन्यांनी आईचं रक्त पुन्हा तपासायचं होतं. मी रजा टाकून येते म्हणाले. पण त्याआधीच एका दुपारी लॅबमध्ये असताना फोन वाजला. श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवरून काकू बोलत होती. दोघीच गेल्या होत्या, मला न सांगता. आदल्या दिवशी रक्त देऊन आलेल्या, आता रिपोर्ट हातात होता. हाक खाली आलीय, आकडा दिलेल्या मापात बसतोय, डॉक्टरबाईंनी गोळी आहे तीच ठेवलीय, एवढं तिनं एका दमात सांगितलं.

मी म्हटलं, रिपोर्टचा फोटो पाठव, मी एकदा बघते.

"तू कशाला बघती?" काकू म्हणाली. "आमी बघितलाय की दोगींनी." मागून आईचा आवाज आला, चांगला खणखणीत, की भेळवाला थांबलाय, फोन ठेव. काकूनं ठेवला.