मॅटवर मॅट
तापलेल्या रबराचा वास आला की मला मामांची नवी कार आठवते. शोरूममध्ये हट्टानं घेतलेली ओरिजनल मॅटं मळू नयेत म्हणून या शहाण्यानं त्यांच्यावर रस्त्याकडेची स्वस्तातली रबरी मॅटं अंथरली होती. गाडी जोतिबाला दाखवून घाट उतरताना वरचं मॅट सरकून ब्रेकखाली अडकलं आणि एक अख्खी बाजू कठड्याला घासत गाडी कशीबशी थांबली. मामी देवाचं नाव घेत होती. मामांनी मात्र वाकून आधी खालचं मॅट तपासलं आणि म्हणाले, "बघ, ओरिजनलला साधा ओरखडासुदीक न्हाय की!" परवा ती गाडी भंगारात देताना त्यांनी तीच मॅटं कौतुकानं माझ्या हातात ठेवली, न वापरल्यामुळं अजून कोरी करकरीत, अगदी त्यांच्या अकलेसारखी.