शेंडेफळाची बाटली

तेल्हाऱ्याजवळ आमचा मळा आहे. पालक, मेथी, चवळी, सगळी हिरवी भाजी आमच्या घरातून रोज अकोल्याच्या बाजारात जाते. आणि त्याच घरातल्या तीन वर्षांच्या पोरीच्या अंगात रक्त नाही, असं अकोल्याच्या बालडॉक्टरबाईंनी सांगितलं, तेव्हा मला आधी लाज वाटली, भीती नंतर.

"शेंडेफळ ना?" तपासता तपासताच त्यांनी विचारलं होतं. मी हो म्हटलं. "मग अजून बाटलीवरच असेल."

त्यांच्या दवाखान्यात हा शब्द लाडाचा नव्हताच. पहिल्याच्या घासाघासावर घराचं लक्ष असतं, म्हणाल्या, आणि शेवटच्याला कुणी रडूच देत नाही, दुधावर ठेवतात. दुधानं पोट भरतं, पण रक्त होत नाही. "माती खाते का? रक्त कमी असलं की खातात पोरं."

खात होती ना! वाफ्यातली काळी माती, मूठमूठ. घरातले सगळे हसायचे, मळ्याची मालकीण म्हणायचे.

मी काय कमी डोकं फोडलं होतं? थोरली दोन्ही पोरं भाजीभाकरीवरच वाढली. हिला घास दाखवला की ही भोकाड पसरायची आणि सासरे म्हशीच्या दुधाची बाटली घेऊन हजर. "काहून रडवतं वं तिले? शेंडेफळ हाये आपलं!" झालं! ही त्यांच्या खांद्यावर आणि मी घरातली कैदाशीण. माझ्याकडे ती यायचीच नाही. जीव जळायचा माझा.

रक्त चढवायला तिला दवाखान्यात ठेवलं. इवल्याशा हाताला सुई टोचलेली. दुपारी सासरे आले, पिशवीत बाटली. ती दिसताच हिनं मोकळा हात पुढे केला. माझं डोकंच फिरलं.

"आता तुमीच नाई म्हणा, मामाजी. मी लय म्हटलं."

त्यांनी बाटली मागे घेतली. "नाई देत, माय," तिला म्हणाले.

ती रडायचीही विसरली. त्यांच्याकडे नुसती पाहत राहिली. मग तोंड फिरवलं आणि माझ्या कुशीत शिरली.

तीन वर्षं मी याचीच वाट पाहिली होती. मामाजी दूध ओतायला बेसिनकडे गेले आणि तिथंच भिंतीकडे तोंड करून रडत उभे राहिले. मला मेलं कशाचंच सुख वाटेना.