चहात न घातलेली गोळी

५ फेब्रुवारी १९७४, आष्ट्यातला दवाखाना. रक्कम तीस रुपये. हजर तिघं: डॉक्टर, वहिनी आणि मी.

थोरला भाऊ फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीवर आला, तो पितच आला. कॅन्टीनची रम संपली की गावठी. त्या महिन्यात तो दोनदा विहिरीच्या काठावर पडलेला सापडला. तिसऱ्यांदा तो विहिरीत सापडेल, याची मला खात्री होती. दारू सोडवणारी गोळी असते असं कळलं, म्हणून मी पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "चहातून देऊ. त्याला कळायला नको."

डॉक्टरांनी पैसे माझ्याकडे सरकवले. "गोळीवर दारू प्याला तर ओकाऱ्या होतात, जीवही जाऊ शकतो. न सांगता मी देणार नाही."

"आवं, इचारलं तर न्हाईच म्हणत्यात," वहिनी म्हणाली.

"विचारलंय कुणी?"

शिव्या दिल्या होत्या, शपथा घातल्या होत्या. विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शुद्धीत असताना, मी त्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी चहाचा बेत त्याच्यासमोरच सांगितला आणि गोळी घेणार का, असं त्याला विचारलं. भाऊ माझ्याकडे वळला.

"व्हय रं? तुझ्या वहिनीचा चहा आदीच लय कडू, त्यात आनि गोळी?" मग डॉक्टरांना म्हणाला, "फौजेत हुकूम असतोय. तुमी इचारताय?"

"हुकूम पाळला असता?"

"न्हाई."

"म्हणून विचारतोय."

त्यानं खुर्ची डॉक्टरांच्या टेबलाजवळ ओढली. मग म्हणाला, "द्या."

गोळी लगेच मिळाली नाही. रक्त तपासायला सांगलीला पाठवलं. दारू सुटल्यावरचा त्रास ओसरेपर्यंत त्याला दवाखान्यातच ठेवलं. ते दिवस वाईट गेले. त्यानंतर तो रोज सकाळी सायकलवरून जायचा आणि डॉक्टरांसमोर गोळी गिळायचा. पावसातही गेला.

कवठे महांकाळला एका लग्नात जुन्या सोबत्यानं पेला पुढं केला. "हवालदार, बायकोला भ्याला व्हय?"

"गोळी घेतलीया गड्या. घोटभर प्यालो तर तुझ्याच फेट्यावर वकीन."

पेला परत गेला.

माझे पैसे डॉक्टरांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत. औषध ज्याचं, पैसे त्यानंच द्यायचे, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीच्या आधी पेन्शन उचलून भावानं तीस रुपये स्वतः डॉक्टरांच्या हातात मोजून दिले आणि पावती मागितली. डॉक्टरांनी ती त्याच्या नावानं फाडली.