चपलेचं काम

कळंबोलीच्या ट्रक यार्डात तो ट्रकच्या बॉड्या वेल्ड करायचा. डोंगरात चालवायला मी हौसेनं घरीच पोलादी सायकल जुळवत होतो. फ्रेमचा एक जोड तेवढा त्याच्याकडून करून घेतला. जोड झकास झाला. मग ट्रकला बांधतात तशी एक जुनी काळी चप्पल त्यानं न विचारता सायकलीखाली बांधली.

"नजर लागत नाय."

वजन वाढू नये म्हणून मी घंटीसुद्धा लावली नव्हती. कोपऱ्यावर जाऊन चप्पल फेकली.

रविवारी पारसिकच्या उतारावर आपटलो. सोमवारी सायकल ढकलत, लंगडत त्याच्याकडे गेलो. त्यानं काळा चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या गुडघ्याकडे न बघता वाकून आधी सायकलीखाली बघितलं.

"जोड शाबूत हाय," तो म्हणाला. "माझं काम तेवढंच. तुमाला सांभाळायचं काम चपलेचं होतं."