सव्वीस शर्यतींनंतर

शुक्रवारची सुट्टी आणि हातात नवी कॅसेट, एवढं असलं की मी नाश्त्यालाही धड बसत नसे. कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला बंदराजवळच्या रिफायनरीत माझ्यासोबत टेक्सासचा एक इंजिनिअर होता. त्याचा भाऊ तिकडच्या स्टॉक कार शर्यती रेकॉर्ड करून पाठवायचा. आमच्या हाती येईपर्यंत शर्यत शिळी झालेली असे, म्हणून निकाल आधी फोडायचा नाही असा आमचा करार होता. रस्त्यावरच्या गाड्यांसारख्याच दिसणाऱ्या गाड्या तीन-चार तास गोल गोल फिरतात, यात बायकोला काही राम वाटत नसे. मुलगी मात्र पहिलीपासून माझ्या शेजारी ठाण मांडून बसायची. बेरीज ती शाळेत कमी आणि ड्रायव्हरांच्या गुणांवर जास्त शिकली.

आमचा ड्रायव्हर क्वचितच पहिला यायचा. पण तो गाडी आपटत नसे. पाचवा, सातवा, नववा असा येत येत वर्षअखेर गुणांत वर सरकायचा. मला तो फार आवडे, कारण मीही तसलाच.

मुलगी दहावीत होती त्या जानेवारीत त्या टेक्सासवाल्या सहकाऱ्याने कॅन्टीनमध्ये बातमी दिली. छत्तीसपैकी सव्वीस शर्यती झाल्या की आता पहिल्या दहा जणांचे गुण जवळजवळ सारखे करणार, आणि उरलेल्या दहा शर्यतींत विजेता ठरणार. अमेरिकेच्या दक्षिणेतली सप्टेंबरची जुनी शर्यतसुद्धा उचलून कॅलिफोर्नियाला नेली होती.

महबूलातल्या आमच्या फ्लॅटवर मी तणतणतच पोचलो.

"टीव्हीवाल्यांना शेवटी चुरस हवी, म्हणून सात महिने राबलेल्या माणसाची आघाडी पुसून टाकायची?"

"अहो, बसा जरा," बायको म्हणाली. "येरझाऱ्या काय घालताय, नोकरी गेल्यासारख्या!"

"अगं, पण हा काय न्याय झाला?"

मुलीने पुस्तकातून मानही वर केली नाही. "बाबा, तुम्ही पण मला सेमच करताय ना?"

मी थबकलो. दहावीनंतर तिने पुण्याला मामाकडे राहून अकरावी-बारावी करायची, हे मी तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं. कुवेतमधलं सगळं तात्पुरतं, खरी सुरुवात पुण्यात, असं आम्ही सगळेच एकमेकांना सांगत असू.

"टेन इयर्स, बाबा. माझी स्कूल, माझे फ्रेंड्स. सायन्स क्लबची प्रेसिडेंट आहे मी. तिथे मला कोण ओळखतं?"

राग मला स्वतःचाच आला होता, पण ओरडलो तिच्यावर. "खेळ वेगळा आणि आयुष्य वेगळं!" पुढे कितीतरी दिवस मला कुठेच चैन पडेना. कामावर जीव लागेना, घरी तिच्या नजरेला नजर देववेना. तरी जूनमध्ये तिला पाठवलंच.

सप्टेंबरात गुण सारखे झाले. आमचा ड्रायव्हर पहिल्या दहांत टिकला होता. मी पुण्याला फोन लावला आणि ती "हॅलो" म्हणताच सांगायला लागलो, "अगं, आहे तो दहांत! दहा शर्यती बाकी आहेत, अजून काहीही होऊ शकतं."

"छान, बाबा."

"तुझं कसं चाललंय? रुळलीस ना?"

"त्याच्या दहाच राहिल्यात. माझी अजून टू इयर्स आहेत," ती म्हणाली, आणि तिने फोन आईकडे द्यायला सांगितला.